अडकलेली झडप

फोनवर बाई म्हणाल्या, पेर्सियाना अडकलीय.
विल्मेरनं पत्ता नीट लिहून घेतला
आणि ग्वायाकिलहून सोबत आणलेल्या शब्दावर विसंबून
पिशवीत भरल्या ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या,
पांढरी दोरी, दोरीच्या टोकाचे दोन प्लास्टिकचे मणी.
जेनोआच्या बंदरामागच्या गल्लीत, भर दुपारी,
एकशे अठरा पायऱ्या चढून धापा टाकत तो दारात.

खिडकीत पट्टी नव्हती. दोरी नव्हती.
बाहेरच्या अंगाला लाकडाची दोन दारं,
बाटलीसारखी हिरवी, तिरक्या फळ्यांची,
बिजागऱ्यांवर निमूट उभी.
"ही?"
"हीच की," इल्दाबाई म्हणाल्या, "दुसरी कोणती असते?"

शब्द तोच. समुद्र ओलांडताना
त्याचे स्क्रू सैल झाले होते.

मालकाला फोन लावला. जेरोलामो जेवत होता.
घास तोंडात ठेवूनच म्हणाला, ऐक,
वरून गुंडाळी सुटते, पट्टा धरून ओढायची, ती ताप्पारेल्ला,
बाटलीला बूच मारावं तशी खोली बंद.
तुझ्या पिशवीत आहे ती व्हेनेत्सियाना.
कापडाची ती तेन्दा. तंबूलाही आम्ही तेन्दाच म्हणतो,
तेव्हा गिऱ्हाईक घर सजवतंय की डोंगरावर निघालंय
ते आधी विचारायचं.
आतली भरीव फळी, एकही फट नसलेली, ती स्कूरो. अंधारच तो.
आणि पेर्सियाना...
इथं थांबला. पाणी प्यायला असावा.
पेर्सियाना म्हणजे तू बघतोस आणि दिसत नाहीस.

"आई हिला जेलोझिया म्हणायची," इल्दाबाई म्हणाल्या.
"म्हणजे मत्सर?"
"मत्सरच. आधी नवऱ्यांचा असेल. मग आमचा."
मग त्यांनी खालचा भाग दाखवला,
दाराच्या पोटातली एक छोटी झडप,
बाहेर ढकलली की टोपीच्या कडेसारखी उभी राहते.
कोपर उंबऱ्यावर, मान जरा खाली,
चाळीस वर्षं त्यांनी इथून गल्ली वाचली:
मासेवालीचा काटा, कुणाच्या दोरीवर कुणाचा सदरा,
अन्सेल्मो बंदरावरून सरळ घरी येतो
की कोपऱ्यावर वळतो.
अन्सेल्मो गेला. गुडघे गेले. पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.
गेल्या पावसाळी थंडीत झडपही बसली ती बसलीच.

विल्मेरनं तेल काढलं, मग परत ठेवलं.
गंज नव्हताच. रंग होता.
दर काही वर्षांनी कुणीतरी हौसेनं फासलेला
हिरव्यावर हिरवा, त्याखाली अजून हिरवा,
मध्येच एक राखाडी, ज्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत.
चाकूच्या पात्यानं तो फट शोधत गेला,
भाजलेल्या वांग्याची साल सोडवावी तसा.
कर्र.
उजेडाची एक चौकोनी लादी फरशीवर पडली.

"समोरचीही नादुरुस्त आहे," तो म्हणाला, हात पुसत.
"तिसऱ्या मजल्यावरची. पाच महिने बघतोय, कधी उघडत नाही.
काल बेलही दाबून आलो, कामाचं विचारायला."
इल्दाबाईंना हसता हसता खोकला लागला.
"अरे, ती भिंत आहे! रंगवलीय खिडकी,
बाहेरून जोड जुळावी म्हणून.
तिची दुरुस्ती चित्रकाराकडे."

कॉफी झाली. पैसे झाले.
जिना उतरताना तो मोजत होता, पायऱ्या नव्हे:
इराणची, व्हेनिसची... खिडकीवर जे येतं
ते कुठल्यातरी गावाचं नाव लावून येतं.
इराणात हिला काय म्हणत असतील?
त्यालाही या गल्लीत पेरूचा म्हणतात.
तो इक्वेडोरचा. सांगून सांगून सोडून दिलं.

खाली येऊन वर पाहिलं.
सगळ्या हिरव्या, सगळ्या मिटलेल्या,
खऱ्या कोणत्या, काढलेल्या कोणत्या, कळेना.
मग एक झडप दोन बोटं उचलली गेली,
माणूस दिसलं नाही, नुसता आवाज आला
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"इक्वेडोर! ए इक्वेडोर!
तुझं व्हेनिस इथंच राहिलं!"